मात्रा कोणी ठरवायची?

‘मात्रा’ हा आपल्या भाषेतला मोठा अर्थगर्भ शब्द आहे. तो वैद्याच्या खलात आहे, छंदशास्त्रात आहे, अक्षराच्या डोक्यावर आहे आणि ‘त्याच्यापुढे कोणाची मात्रा चालत नाही’ या बोलण्यातही आहे. या सर्व अर्थांच्या मुळाशी माप आहे. औषध आणि विष यांतला भेद पुष्कळदा मापाचाच असतो, हे आपल्या जुन्या वैद्यांना चांगले ठाऊक होते. परंतु हे माप ठरवायचे कोणी? ज्याला शास्त्र कळते त्याने, की ज्याच्या देहावर ते चालायचे त्याने? प्रश्न जुना आहे. पण कर्करोगावरच्या अत्याधुनिक किरणोपचारात तो अशा काही टोकदार रूपाने पुढे आला आहे की त्याचा विचार केवळ डॉक्टरांवर आणि भौतिकशास्त्रज्ञांवर सोपवून चालणार नाही.

ज्याला आपल्याकडे अनेक घरांत ‘लाइट देणे’ किंवा ‘शेक देणे’ म्हणतात, तो किरणोपचार साधारणपणे क्ष-किरणांचा असतो. हे किरण पेशीतल्या पाण्यावर आदळून काही अतिशय चंचल, क्षणजीवी रसायने निर्माण करतात आणि ती पेशीच्या गाभ्यातल्या आनुवंशिक धाग्याला इजा करतात. येथे प्राणवायू आपले काम करतो. तो जवळ असेल तर झालेली इजा पक्की होते. तो नसेल तर ती क्षणार्धात बुजूनही जाऊ शकते. म्हणजे ज्या प्राणवायूवर पेशी जगते तोच किरणांच्या माऱ्यात तिचा घात करतो, आणि जिला तो मिळत नाही ती पेशी वाचते. त्वचा दाबून तिचा रक्तपुरवठा कमी केला की किरणांचा परिणाम कमी होतो, हे गॉटवाल्ड श्वार्त्स यांनी १९०९ सालीच पाहिले होते. पुढे लुई हॅरॉल्ड ग्रे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५३ मध्ये या गोष्टीचे महत्त्व उपचाराच्या दृष्टीने स्पष्ट केले. किरणांची मात्रा आज ज्या ‘ग्रे’ या एककात मोजतात ते याच गृहस्थांच्या नावाचे. १९५५ मध्ये टॉमलिन्सन आणि ग्रे यांनी फुप्फुसातल्या गाठींचे काप तपासून दाखवले की रक्तवाहिनीपासून मिलिमीटरच्या पाचव्या-सहाव्या हिश्शापलीकडे पेशी मरून पडलेल्या असतात, कारण प्राणवायू तेथपर्यंत पोचतच नाही. जिवंत आणि मृत यांच्या सीमेवर एक पट्टा उरतो. त्यातल्या पेशी अर्धपोटी असतात, पण जिवंत असतात. क्ष-किरणांनी त्यांना मारायचे तर अडीच ते तीन पट मात्रा लागते.

मग मात्राच तिप्पट का करू नये? डोक्या-मानेच्या कर्करोगात सुमारे सात आठवड्यांत ७० ग्रे देण्याची पद्धत रूढ आहे. त्याऐवजी दोनशे ग्रे दिले तर गाठ कदाचित जाईल, पण तिच्याबरोबर जबडा, घसा आणि मज्जारज्जूही जाईल. भोवतालच्या निरोगी पेशींना प्राणवायू भरपूर मिळत असतो, म्हणून किरणांचा घाव त्यांच्यावर पुरता बसतो. गाठीतली उपाशी पेशी तेवढी निसटते. सारी अडचण या विपरीत न्यायात आहे. म्हणूनच प्राणवायूची फारशी पर्वा न करणारे, पण तरीही हव्या त्या जागी थांबणारे शस्त्र शोधण्याचा प्रयत्न गेली कित्येक दशके चालू आहे.

या शोधाच्या मागे एक कटू प्रकरण आहे. प्राणवायूचे कोडे पुरते उलगडण्यापूर्वीच, १९३८ मध्ये, अमेरिकेतल्या बर्कले येथे डॉ. रॉबर्ट स्टोन यांनी सायक्लोट्रॉनमधून मिळणाऱ्या न्यूट्रॉनांनी कर्करोग्यांवर उपचार सुरू केले. दोनशेंहून अधिक रुग्णांवर ते झाले. १९४३ मध्ये यंत्र युद्धाच्या कामाला लागले आणि उपचार थांबले. जे रुग्ण जगले त्यांच्यापैकी काहींच्या गाठी खरोखरच विरघळल्या होत्या. पण महिने आणि वर्षे लोटली तसतशी त्यांची कातडी, त्याखालची मांसपेशी आणि आतले अवयव यांवर उशिरा उगवणारे भयंकर दुष्परिणाम दिसू लागले. १९४८ मध्ये स्टोन यांनी स्वतःच जाहीर केले की मिळालेल्या थोड्या लाभाच्या मानाने हे भोग फार आहेत, तेव्हा हा उपचार पुढे चालवू नये. स्वतःच्या कामाबद्दल इतके स्पष्ट बोलणारे लोक विरळ असतात. कारण पुढे कळले. लहान लहान हप्त्यांत दिलेल्या न्यूट्रॉनांचा उशिरा होणारा परिणाम सुरुवातीला धरला होता त्याहून पुष्कळच अधिक असतो. मात्रा मोजली गेली होती, पण ती ज्या मापाने मोजायला हवी होती ते माप हाती नव्हते. प्राणवायूचा प्रश्न समजल्यावर १९७० च्या दशकात लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयात डॉ. मेरी कॅटरॉल यांनी न्यूट्रॉनांचा पुन्हा प्रयोग केला आणि त्यांना आशादायक निष्कर्ष मिळाले. एडिंबरोच्या चाचणीत मात्र तसा लाभ दिसला नाही. न्यूट्रॉनला धार होती, पण कोठे थांबायचे हे त्याला ठाऊक नव्हते.

थांबणे ठाऊक असलेला कण म्हणजे विद्युत्भारित अणुगर्भ. तो शरीरात शिरताना वाटेत थोडी ऊर्जा टाकतो आणि आपल्या प्रवासाच्या अगदी शेवटी उरलेली बहुतेक ऊर्जा एकदम उधळून थांबतो. ब्रॅग यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी हा गुण ओळखला. रॉबर्ट विल्सन यांनी १९४६ मध्ये त्याचा उपचारासाठी उपयोग सुचवला. हलका प्रोटॉन जागी थांबतो, पण प्राणवायूच्या बाबतीत तो जवळजवळ क्ष-किरणासारखाच वागतो. चेन्नईत २०१९ पासून आणि नवी मुंबईत खारघर येथे टाटा स्मारक केंद्राच्या संस्थेत २०२३ पासून प्रोटॉनचे उपचार होतात. निरोगी भाग वाचवण्यासाठी ते मोलाचे आहेत, तरी उपाशी पेशींचे कोडे त्यांनी सुटत नाही. कार्बनचा अणुगर्भ प्रोटॉनच्या बारापट जड आणि सहापट भाराचा. तो आपल्या वाटेच्या शेवटी इतके दाट घाव घालतो की आनुवंशिक धाग्याच्या दोन्ही बाजू जवळजवळ तुटतात. मग प्राणवायू असो वा नसो, फरक पुष्कळ कमी पडतो. जपानमधल्या चिबा येथे १९९४ पासून आणि जर्मनीत १९९७ पासून असे उपचार होत आले आहेत. गर्भाशयमुखाच्या कर्करोगात प्राणवायूच्या कमतरतेमुळे येणारा अडथळा कार्बनने बराच दूर होतो, असा निष्कर्ष जपानी डॉक्टरांनी २००६ मध्ये मांडला.

तरीही गोष्ट येथे संपत नाही. गाठ मोठी असली की एकाच खोलीवर कण थांबवून भागत नाही. निरनिराळ्या खोलीचे किरण एकावर एक रचावे लागतात. त्यामुळे काही कण जेथे थांबतात तेथूनच दुसरे पुढे जात असतात, घावांची दाटी पातळ होते आणि गाठीच्या मध्यावर, जेथे उपाशी पेशी अधिक असण्याचा संभव, तेथेच धार कमी पडते. म्हणून डेन्मार्कमधल्या आर्हुसचे आणि जर्मनीतल्या डार्मस्टाटचे संशोधक २०१० च्या सुमारापासून असा विचार करू लागले की प्राणवायूचा नकाशा काढावा आणि कणांचे शेवट नेमके त्या उपाशी प्रदेशात यावेत अशी किरणांची रचना करावी. कोणी कार्बनऐवजी ऑक्सिजनचा अणुगर्भ वापरण्याचे सुचवतो. त्याची धार अधिक, पण वाटेतल्या निरोगी भागावरही ती अधिकच, आणि त्याचे तुकडे गाठीच्या पलीकडेही सांडतात. हे काम अजून बहुतांशी संशोधनाच्या पातळीवर आहे. पण त्यातून एक नैतिक प्रश्न आताच पुढे आला आहे.

ही रचना माणूस हाताने करीत नाही, संगणक करतो. हजारो सूक्ष्म किरणशलाका. प्रत्येकीची दिशा, खोली आणि तीव्रता निराळी. संगणकाला आधी काही अटी सांगाव्या लागतात. गाठीला इतके ग्रे पोचलेच पाहिजेत. मज्जारज्जूला एका मर्यादेपलीकडे मुळीच नको. लाळग्रंथीला शक्यतो सरासरी २६ ग्रेच्या आत. सगळ्या अटी एकदम पुऱ्या होत नाहीत, म्हणून प्रत्येक अटीला एक वजन द्यावे लागते: ही मोडली तर किती वाईट, ती मोडली तर किती. मग यंत्र आकडेमोड करून असा आराखडा काढते की सर्व उल्लंघनांची वजनांसह बेरीज कमीत कमी व्हावी. त्याला ‘सर्वोत्तम’ आराखडा म्हणतात.

येथे क्षणभर थांबले पाहिजे. यंत्राने बेरीज अचूक केली, यात शंका नाही. पण वजने कोठून आली? गाठ पुन्हा उद्भवण्याचा संभव थोडा कमी व्हावा म्हणून जन्मभराची कोरडी जीभ किती मोलाची मानावी, हे भौतिकशास्त्राच्या कोणत्याही सूत्रात लिहिलेले नाही. ते कोणीतरी ठरवलेले असते. बहुधा जाणकार डॉक्टरांनी, अनुभवाने, सद्भावनेने, पुष्कळदा रूढ आकड्यांवरून. परंतु ते ठरवणे हा मूल्यविचार आहे, मापन नव्हे. ‘उत्तम’ या शब्दामागे नेहमी एक अध्याहृत प्रश्न असतो: कोणासाठी, आणि कशासाठी?

समजा, दोन रुग्णांच्या घशात अगदी सारखीच गाठ आहे. प्राणवायूचा नकाशाही सारखाच. एक जण कीर्तनकार आहे. आवाज हेच त्याचे जगणे. दुसऱ्या बाई आहेत, त्यांची मुलगी दहावीत आहे, आणि आणखी चार वर्षे हाती यावीत यासाठी त्या काहीही सोसायला तयार आहेत. संगणकाच्या दृष्टीने या दोन गाठी एकच आहेत आणि एकच आराखडा दोघांना ‘सर्वोत्तम’ ठरेल. पण मनुष्याच्या दृष्टीने तो दोघांना सारखा उत्तम असू शकत नाही. आणि असेही होईल की तो कीर्तनकारच म्हणेल, आवाज गेला तरी चालेल, मला नातवंडे पाहायची आहेत. त्याने काय म्हणावे हे आपण त्याच्या व्यवसायावरून गृहीत धरणे, हीसुद्धा त्याच्या वतीने मात्रा ठरवणेच झाले.

नकाशाची अनिश्चितता या प्रश्नाला आणखी धार आणते. प्राणवायूची कमतरता पाहण्यासाठी किरणोत्सर्गी खूण असलेले द्रव्य टोचून पेट नावाच्या यंत्रावर प्रतिमा घेतात. त्या प्रतिमेतला एक ठिपका काही मिलिमीटरांचा, त्यात लक्षावधी पेशी. उपाशी पट्टा मात्र मिलिमीटरच्या अंशाइतका अरुंद. शिवाय गाठीतल्या काही रक्तवाहिन्या तात्पुरत्या बंद होतात आणि पुन्हा उघडतात. सोमवारी जो भाग उपाशी दिसला तो गुरुवारी तसाच असेल असे नाही. किरणांचे हप्ते जसजसे पडतात तसतशा मधल्या काळात काही उपाशी पेशींना प्राणवायू पुन्हा मिळू लागतो. अनेक दिवसांत वाटून उपचार देण्याचा एक लाभ हाच. अशा चंचल नकाशावर भरवसा ठेवून धार एकीकडे वाढवायची, तर तिचा हिशेब दुसरीकडे कोठेतरी द्यावा लागतो. नकाशा चुकला तर त्याची किंमत संशोधकाला नव्हे, त्या टेबलावर निश्चल पडलेल्या माणसाला मोजावी लागते.

आकडा सुधारला म्हणजे माणूस सुधारला असे नसते, याचा धडा याच क्षेत्राने २००३ मध्ये घेतला. रक्त कमी असलेल्या रुग्णांच्या गाठीला प्राणवायू कमी मिळतो, म्हणून डोक्या-मानेच्या कर्करोगाच्या रुग्णांना रक्त वाढवणारे एरिथ्रोपोएटिन हे औषध किरणोपचाराबरोबर देऊन पाहिले. तर्क निर्दोष होता. हिमोग्लोबिन वाढले. रोगाचा ताबा मात्र सुधारला नाही, उलट औषध न घेतलेल्यांपेक्षा घेतलेल्यांची स्थिती वाईट निघाली. आपण ज्या गोष्टीचे ‘उत्तमीकरण’ करतो ती आपल्याला हवी असलेलीच गोष्ट आहे का, हे दर वेळी नव्याने विचारावे लागते.

यावर एक आक्षेप येईल आणि तो हलका नाही. रुग्णाला यातले काय कळते? कर्करोग म्हटले की माणसाची शुद्ध हरपते. अशा वेळी त्याच्यापुढे टक्केवारी मांडून ‘तूच ठरव’ म्हणणे ही स्वातंत्र्याची थट्टा नाही का? ज्याने हजार रुग्ण पाहिले त्याने ठरवावे. जबाबदारीचे ओझे त्याने उचलावे, त्यासाठीच त्याचे शिक्षण. अनेक रुग्ण मनापासून म्हणतात, ‘डॉक्टर, तुम्ही कराल ते प्रमाण.’ या विश्वासात काही कमीपणा नाही. किंबहुना तो मोठा आधार असतो.

पण या आक्षेपात दोन गोष्टी एकमेकींत मिसळल्या आहेत. अमुक मात्रेने लाळग्रंथीचे काय होते, कार्बन कोठे थांबतो, नकाशा कितपत विश्वासार्ह आहे, हे ज्ञानाचे प्रश्न आहेत आणि त्यात रुग्णाचे मत घेण्यात अर्थ नाही. कोरडी जीभ सोसण्याजोगी आहे का, आयुष्य किती आणि कसे हवे, हा दुसऱ्या जातीचा प्रश्न आहे, आणि त्यात हजार रुग्ण पाहिलेल्या डॉक्टरलाही या एका रुग्णाचे मत आधीपासून ठाऊक नसते. विचारायचे ते टक्केवारीत नव्हे. ‘तुम्हांला दिवसभरात काय केल्यावाचून चैन पडत नाही? कशाची सर्वांत जास्त भीती वाटते? काय गेले तर चालेल, काय गेले तर मुळीच चालणार नाही?’ हे प्रश्न शेतात राबणाऱ्या आजोबांनाही कळतात आणि त्यांची उत्तरेही त्यांच्याजवळ असतात. त्या उत्तरांतून वजने काढणे हे डॉक्टरांचे काम. ‘तुम्ही कराल ते प्रमाण’ हेही एक उत्तर आहे. फक्त ते विचारल्यावर आलेले असावे, न विचारता गृहीत धरलेले नसावे.

आता आपल्या घरांकडे पाहू. आपल्याकडे अडचण डॉक्टरांच्या दारापाशी सुरू होत नाही, ती आपल्याच ओसरीवर सुरू होते. ‘बाबांना सांगू नका हं, ते खचतील’ ही विनंती किती घरांतून होते! तिच्यामागे प्रेम असते, यात संशय नाही. पण ज्याला आपल्याला काय झाले आहे हेच ठाऊक नाही, त्याला काय गमवायचे आणि काय राखायचे हे कोण विचारणार? मग वजने मुलगा ठरवतो, जावई ठरवतो, कधी पैशाचा हिशेब ठरवतो. सात आठवडे तो वृद्ध माणूस रोज त्या टेबलावर जाऊन पडतो, तोंड सोलून निघते, अन्न गिळवत नाही, आणि हे सारे कशासाठी हे त्याला कोणी सांगत नाही. आजूबाजूला तसेच रुग्ण बसलेले असतात. बहुधा त्याला कळलेलेच असते. दोन्ही बाजू एकमेकांना सांभाळत गप्प राहतात.

आपल्यासारख्या दुभाषिक मुलखात यात भाषेचीही एक गाठ आहे. सीमाभागातला रुग्ण बेळगावला, हुबळीला, मिरजेला किंवा थेट मुंबईला जातो. डॉक्टर कन्नड वा इंग्रजी बोलणारे असतील, आजी घरी मराठी आणि बाजारात कन्नड बोलणाऱ्या; संमतीचा कागद तिसऱ्याच भाषेत. मधे दुभाषा म्हणून बहुधा नातू असतो. डॉक्टर सांगतात, ‘चव जाईल, गिळायला कायमचा त्रास राहू शकतो.’ नातू सांगतो, ‘आजी, थोडा त्रास होईल म्हणतात.’ त्या ‘थोड्या’त मात्रा बदलून गेली. यात दोष कोणत्याही भाषेचा नाही. बाजारहाट दोन्ही भाषांत सुखाने चालतो. पण दुखण्याची, भीतीची आणि निरोप घेण्याची भाषा माणसाची बहुधा एकच असते. त्या भाषेत एकदा तरी शांतपणे प्रश्न विचारला गेला पाहिजे. दोन भाषा जाणणाऱ्या आपल्या घरांनी हे काम ओळखून करायला हवे, कारण पलीकडचे शब्द जसेच्या तसे अलीकडे आणण्याची शक्ती आपल्याजवळ आहे.

न्यायाचाही प्रश्न आहे. कार्बनची केंद्रे जगात मोजकीच आहेत. जर्मनीत हायडेलबर्ग येथे रुग्णाभोवती किरण फिरवणारे जे यंत्र आहे त्याचेच वजन सहाशे टनांहून अधिक. असे यंत्र आपल्या तालुक्याच्या वाट्याला केव्हा येईल हे सांगण्याची गरज नाही. परंतु त्या सहाशे टनांचा हेतू आणि एक साधी गोष्ट यांचा हेतू एकच आहे. विडी-सिगारेटच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तातली प्राणवायूची जागा अडवतो. किरणोपचार चालू असतानाही धूम्रपान करणाऱ्या डोक्या-मानेच्या रुग्णांना उपचाराचा गुण कमी येतो आणि ते कमी जगतात, हे कॅनडातल्या अभ्यासाने १९९३ मध्ये दाखवले. अर्थात विडी सोडली म्हणजे प्रत्येक गाठीला प्राणवायू मिळेल असे नाही, आणि मोठ्या यंत्रावरचे संशोधन व्यर्थ आहे असेही नाही. पण ज्या घरात रुग्णाला खरे सांगितलेले नसते, त्या घरात त्याला विडी सोडायला तरी कोणत्या तोंडाने सांगणार? कारण न सांगता घातलेली बंदी फार दिवस टिकत नाही.

किरण कोठे थांबावा हे आता माणसाला मिलिमीटरच्या अचूकतेने ठरवता येते. उपाशी पेशीपर्यंत धार पोचवण्याची विद्याही हळूहळू साधेल. स्टोन यांच्याजवळ चुकीचे माप होते. पुढच्यांजवळ अधिक बरोबर माप असेल. तरीही एक माप असे आहे की जे कोणत्याही प्रयोगशाळेत तयार होत नाही, आणि ते ज्याचे त्याच्याजवळच असते. किती मात्रा द्यायची हे वैद्याने सांगावे. कशाच्या बदल्यात, हे रुग्णाने सांगावे. त्यासाठी आपण घरच्यांनी फार काही करायचे नाही. खाटेजवळ खुर्ची ओढून बसायचे, त्याच्या भाषेत विचारायचे, आणि तो काय म्हणतो ते पुरते ऐकेपर्यंत मधे बोलायचे नाही.